चैत्रगौरीची आरास, दहास एक मापात: कामाच्या नोंदी

९ मार्च, रविवार

ठाण्यात चरईला आत्याकडे जाऊन मापं घेतली. तिच्या चैत्रगौरीच्या आरासीत पायऱ्यांवर सावंतवाडीच्या दोन लाकडी बाहुल्या उभ्या असतात, बरोबर १५ सेंटीमीटर उंच. नऊवारीतली बाई पाच फुटांची धरली की माप दहास एक येतं. याहून सोयीचं काही नाही. खऱ्या ताटातला सेंटीमीटर इथे मिलिमीटर. बाहुलीघरांचं जगभर चालणारं माप बारास एक, म्हणजे फुटाला इंच, आणि बार्बीसाठी सहास एक. त्यामुळे तयार मिळणारी भांडी आपल्या बाहुल्यांना एक तर लहान पडतात, नाहीतर फारच मोठी. आत्याच्या जुन्या भातुकलीतली पितळी ताटली २८ मिमीची निघाली, वाट्या ९ मिमीच्या, फुलपात्रं ११ मिमी उंच. भांड्यांचा प्रश्न मिटला.

बाहुल्यांपुढे मांडायला पॉलिमर क्लेचं एवढुसं ताट करायचंय. पदार्थ ठरले: आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कापलेलं कलिंगड, आणि फराळाच्या ताटात करंजी, चकली, बेसनाचे लाडू, शेव. आत्याची अट एकच: "नैवेद्य खराच होणार. तुझं ते बाहुल्यांपुढे." हळदीकुंकू शुक्रवारी, २५ एप्रिलला.

१२ मार्च

क्ले आली: पांढरी, अर्धपारदर्शक, पिवळी, गेरूसारखी तपकिरी, गडद हिरवी, लाल, काळी. शिवाय लिक्विड क्लेची एक बाटली. अर्धपारदर्शक सगळ्यात जास्त मागवली. ती का, ते डाळीच्या वेळी लिहीन.

घरातल्यांसाठी एकदा लिहून ठेवतो, कारण रोज कोणीतरी विचारतं. पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि रंग. हवेवर वाळत नाही, म्हणून महिनाभर उघडी राहिली तरी काम अडत नाही. उष्णता लागली की कण एकमेकांत मिसळतात आणि वस्तू घट्ट होते. आकसत जवळजवळ नाही. मी दिवसभर डेंटल लॅबमध्ये दात करतो. पोर्सेलिन भट्टीत आकसतं म्हणून दात मुद्दाम मोठा घडवावा लागतो. ती हाताची सवय इथे बाजूला ठेवायची आहे.

फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअरचं कोल्ड पोर्सेलिन स्वस्तात घरीच होतं, पण वाळताना लहान होतं आणि आपल्या दमट हवेत वाळायला वेळ घेतं. मोगऱ्याच्या कळ्या करायला उत्तम. मिलिमीटरचा हिशेब असलेल्या ताटाला नको.

जाता जाता: फिमो ही क्ले जर्मनीतल्या केटे क्रूझ या बाहुल्या करणाऱ्या बाईंच्या मुलीच्या, सोफीच्या, प्रयोगांतून आली. १९६४ मध्ये तिने ती एबरहार्ड फाबर कंपनीला विकली. म्हणजे मूळची बाहुल्यांच्या घरचीच.

१६ मार्च, रविवार

आज फक्त ओव्हन. फिमोच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअस, ३० मिनिटं असं आहे. प्रीमो या दुसऱ्या क्लेच्या पाकिटावर १३० अंश, दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं. दोन्ही एका ट्रेमध्ये घालायच्या नाहीत, हे त्यातूनच ठरलं. जुन्या ओटीजीत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहिलं: डायल १२० वर, आतला काटा १३५ च्या पुढे, आणि कॉइल लाल झाली की क्षणभर त्याहूनही वर. लहान वस्तूंचं वाटोळं याच क्षणी होतं. चकलीची ६ मिमीची गुंडाळी भाजायला किती वेळ लागणार? तोवर पांढरा रंग पिवळट होऊन बसतो. उपाय साधा आहे. खाली सिरॅमिक टाइल, वर अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू. टाइल तापमान धरून ठेवते, फॉइल कॉइलची थेट धग अडवते. आता काटा ११० ते ११५ मध्ये राहतो.

हा ओटीजी यापुढे फक्त क्लेसाठी, स्वयंपाकघरात परत जाणार नाही. क्ले जळाली तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि ट्रे सोडून उठायचं नाही. किसणी, सुरी, लाटणं, सगळं वेगळं काढून त्यावर लाल टेप लावली आहे.

मग रंगांच्या टिकल्या. भाजल्यावर रंग गडद होतो, अर्धपारदर्शक तर ओळखू येणार नाही इतका बदलतो. दातांच्या रंगासाठी आमच्याकडे व्हिटाची १६ छटांची पट्टी असते, ए१ पासून डी४ पर्यंत. तशीच क्लेची पट्टी केली: प्रत्येक मिश्रणाची भाजलेली टिकली, मागे सुईने प्रमाण कोरलेलं. "पिवळी १, पांढरी २, पारदर्शक ६" ही कच्ची असताना साबणाच्या वडीसारखी फिकी दिसते आणि भाजल्यावर भिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या रंगावर येते. अशी पट्टी नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

२२ मार्च

फराळ उरकला. करंजी ९ मिमी, लाडू साडेचार मिमी, शेव हाताने वळलेले दोरे एकमेकांवर टाकून. या पदार्थांना स्वतःचा आकार आहे, त्यामुळे फारसा त्रास नाही. करंजीची मुरड लॅबमधल्या मेण कोरायच्या कार्व्हरच्या टोकाने घातली. तळल्याचा रंग क्लेमध्ये मिसळायचा नाही. सॉफ्ट पेस्टलचा खडू किसून, कोरड्या ब्रशने कडांवर आणि फुगीर भागावर तेवढाच फिरवायचा, पिवळा, मग गेरू, मग अगदी टोकाला तपकिरी. तळताना कडा आणि फुगीर भाग आधी लाल होतो, हे डोळ्यासमोर ठेवलं की ब्रश आपोआप योग्य जागी जातो. ऑइल पेस्टल चालत नाही, पूडच होत नाही.

चकलीचा दोरा मापाने ०.६ मिमी हवा. त्यावर काटे काढायचे म्हणजे सुईने दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा मारून मग गुंडाळी वळायची. मी दोरा ०.८ केला. मापात बसत नाही, पण ०.६ वर काटे दिसतच नाहीत, आणि काटे नसलेल्या चकलीला जिलेबी म्हणतात.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड-पुरी. काम नाही.

२ एप्रिल

उकाडा सुरू झाला, क्ले हातात लोळायला लागली. पंखा लावला तर शेजारच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटची धूळ पांढऱ्या क्लेवर येऊन बसते, बंद केला तर बोटांचे ठसे उमटतात. आता काम पहाटे साडेपाच ते सात. मळलेली क्ले दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून घेतो (झाकणाच्या डब्यात, आईच्या नजरेआड). फारच मऊ असेल तर दोन कोऱ्या कागदांत दाबून रात्रभर ठेवली की कागद जादा प्लास्टिसायझर शोषून घेतो. ठसे पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश.

५ एप्रिल, शनिवार

आंबेडाळ घेतली. सगळा प्रकल्प खरं तर या एका वाटीसाठी आहे.

क्लेच्या खाण्याबद्दल शिकवणारे व्हिडिओ पाहिले की केक, डोनट, बर्गर, पिझ्झा हेच दिसतं. ते पदार्थ घडवता येतात. आधी आकार, मग पोत, मग रंग, शेवटी चकाकी. आंबेडाळीला आकारच नाही. ती नुसता ढीग आहे: भरड डाळ, कैरीचा कीस, ओलं खोबरं, कोथिंबीर, वर फोडणी. पिवळ्या क्लेचा गोळा करून टूथब्रशने टोचला तर होतो तो ढोकळा. फार तर उपमा.

नमुन्यासाठी बशीत खरी डाळ घेऊन बसलो आणि लॅबमधलं भिंग लावून पाहिली. दाणे एका मापाचे नाहीत, काही पीठ झालेले, काही अर्धी डाळ तशीच. दाण्याच्या आत उजेड शिरतो, म्हणून पिवळा रंग पृष्ठभागावर बसल्यासारखा वाटत नाही, आतून येतो. दाताचंही असंच असतं, वरचा थर अर्धपारदर्शक नसेल तर रंग कितीही जुळवा, दात खडूसारखा दिसतो. अर्धपारदर्शक क्ले जास्त मागवली ती यासाठी.

मापाचा प्रश्न इथे खरा येतो. भरड वाटलेला दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे बाहुलीसाठी पाव मिलिमीटर. एवढा बारीक केला की डोळ्याला नुसतं पिवळं पीठ दिसतं. मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाणार. भांडं मापात काटेकोर ठेवायचं, दाणा थोडा मोठा धरायचा. उलट केलं, दाणा मापात आणि वाटी मोठी, तर लगेच खोटं वाटतं, कारण वाटीचं माप आपल्या हाताला पाठ असतं, दाण्याचं नसतं.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

डाळ जमली. कृती नीट लिहून ठेवतो.

घडवण्याचा नाद सोडला आणि सरळ आंबेडाळ केली, आत्या करते त्याच क्रमाने. आधी डाळ: "पिवळी १, पांढरी २, पारदर्शक ६" ची पातळ पट्टी भाजून, गरम असतानाच बर्फाच्या पाण्यात टाकली (पारदर्शकपणा किंचित वाढतो), पुसून कोरडी केली आणि किसली. अर्धी किसणीच्या बारीक बाजूने, अर्धी कानशीने, म्हणजे भरड आणि पीठ दोन्ही हाती आलं. मग कैरी: फिकी हिरवट पारदर्शक पट्टी भाजून ब्लेडने केसासारखे काप, दोन-तीन मिमी लांब. खोबरं पांढऱ्या पट्टीचं, कानशीनेच. कोथिंबीर म्हणजे गडद हिरवा कागदाएवढा पातळ पापुद्रा भाजून, ब्लेडने वाटेल तसा चिरलेला. सारखी चिरली तर कॉन्फेटी दिसते.

हे सगळं लिक्विड क्लेच्या दोन थेंबांत टोकदार काडीने कालवलं. कालवताना पीठ दाण्यांना चिकटतं, कैरी मध्येच वाकते, एखादा काप बाहेर डोकावतो, आणि ढीग आपोआप खऱ्यासारखा विस्कटतो. ते विस्कटणं हाताने काढता येत नाही. वाटीत भरून दहा मिनिटं ११० वर भाजलं.

फोडणी सगळ्यात शेवटी आणि वेगळी. काळ्या भाजलेल्या क्लेला पॉलिशपेपरवर घासून निघालेली भुकटी ही मोहरी. लाल मिरची पाच मिमी, पारदर्शक लाल आणि थोडी तपकिरी, दोन बोटांत चुरगाळून सुरकुतलेली. कढीपत्ता तीन मिमी, मधली शीर सुईने. तेल म्हणजे लिक्विड क्लेत पिवळ्या आणि नारिंगी पेस्टलची चिमूट. ते काडीने वरून सोडायचं, पसरायचं नाही. ते स्वतः वाट काढत वाटीच्या कडेला जाऊन साचतं, तिथेच त्याची जागा. तेल ब्रशने सगळीकडे लावलं की ढीग ओला दिसतो, तेलकट दिसत नाही.

पुन्हा भाजणं, वीस मिनिटं. नंतर वार्निश लावलं नाही. डाळ कोरडी राहिली पाहिजे, चमक फक्त तेलाची.

७ एप्रिल

हाच नियम बाकी पदार्थांना लावून पाहतोय: पदार्थ जसा होतो त्याच क्रमाने करायचा. शेव आज पुन्हा केली. पहिली दोऱ्यांची गुंडाळी फार नीटनेटकी होती. आता दोरे एका घाण्यासारखे गोल भाजून घेतले आणि मग बोटांनी मोडले. मोडलेली टोकं दिसल्यावर ती शेव झाली.

१२ एप्रिल

कलिंगडासाठी सकाळी जांभळी नाक्याला चक्कर. ढिगात दोन प्रकार दिसतात, पट्ट्यापट्ट्यांचं मोठं आणि जवळजवळ काळपट हिरवं गोल. आरासीला गोल बरं, २२ मिमीत बसतं. दुकानदाराने कापून दिलेल्या फोडीचा फोटो काढून आणला. लाल गर सालीपाशी एकदम संपत नाही, फिका गुलाबी होत, मग पांढरट, मग हिरवट होतो. या उताराशिवाय कलिंगड म्हणजे वाहतुकीचा सिग्नल.

आत चुरगाळलेल्या फॉइलचा घट्ट गोळा, क्ले वाचते आणि जाड गोळा भाजताना तडकतो ती भीती जाते. त्यावर लाल थर, मग लाल-पारदर्शक, मग पारदर्शक-पांढरा, शेवटी साल. वरचा तुकडा वेड्यावाकड्या दातऱ्यांनी कापून कमळासारखा उघडला, आत्या दरवर्षी काढते तसा. कापलेल्या गराला टूथब्रश आणि सुईने खरखरीत केलं.

बियांना बहिणीने खसखस सुचवली. मापात अगदी बसते. तरी नाही. खरं धान्य, रवा, खसखस काहीही आत घालायचं नाही असं ठरवलंय. ठाण्याच्या पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात टोके होतात, बाहुल्यांचं ताट कपाटात वर्षभर बंद राहणार. काळी क्ले, ०.८ मिमीचे थेंब, टोक काढलेले.

१३ एप्रिल, रविवार

हरभरे. एक मिलिमीटर. प्रत्येकाला चोच, प्रत्येकाला मधली खाच. यावर लिहिण्यासारखं काही नाही, मान दुखते.

१७ एप्रिल

पन्ह्याचा रंग लोक हिरवा करतात. गुळाचं पन्हं हिरवं नसतं. उकडलेल्या कैरीचा गर पिवळट, त्यात गूळ, की रंग मधाकडे झुकलेला गढूळ पिवळा होतो. साखरेचं असेल तर फिकं. आत्या गुळाचं करते.

यूव्ही रेझिन घेतलं. रंग जास्त घातला की दिवा खालपर्यंत पोचत नाही आणि तळ चिकट राहतो, म्हणून पातळ थरांत, प्रत्येक थर दिव्याखाली घट्ट करून मग पुढचा. एपॉक्सी एकदम ओतता आलं असतं, पण दमट हवेत त्याच्यावर तुपकट साय येते. फुलपात्र पितळी असल्यामुळे आत काय आहे ते फक्त वरून दिसतं, तेव्हा तळाशी क्लेचा गोळा आणि वर जेमतेम दोन मिमी रेझिन. गढूळपणासाठी पेस्टलची पूड, ती खालच्या थरात जास्त, कारण गर खाली बसतो. केशराच्या दोन काड्या वरच्या थरात. वेलदोड्याची पूड दिसणार नाही, तरी टाकली.

२० एप्रिल, रविवार

ताट लावलं. सगळं चिकटवून टाकलं, एकही दाणा सुटा ठेवला नाही. हळदीकुंकवाला लहान मुलं येतात, एक मिलिमीटरचा हरभरा तोंडात जायला वेळ लागत नाही. भाजलेली क्ले खाण्याच्या वस्तूंशी संबंध ठेवण्याजोगी नाहीच.

पितळेला क्ले नुसती भाजून पकडत नाही, म्हणून वाटीत आधी लिक्विड क्लेचा पातळ लेप. कलिंगडाच्या गरावर पाण्याने पातळ होणारं अॅक्रिलिक वार्निश, अगदी हलका हात. चमकवायला नेलपॉलिश लावू नका, त्यातलं द्रावक क्लेला महिनोन्महिने चिकट करतं. काही स्प्रे वार्निशही हाच खोडसाळपणा करतात. टिकलीवर लावून आठवडाभर थांबून बघायचं.

२३ एप्रिल

चरईला घेऊन गेलो. डबा थर्मोकोलचा नाही, प्लास्टिसायझर थर्मोकोल खातो. स्टीलचा डबा, आत बटरपेपर आणि कापूस, रिक्षात मांडीवर.

आत्याने चष्मा लावला, बाहुल्यांपुढे ताट ठेवलं, मागे जाऊन पाहिलं, परत जवळ आली. करंजीवर काही बोलली नाही. कलिंगडाला "बरं झालंय". आंबेडाळीची वाटी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"तेल जास्त झालंय रे. आणि मिरची करपली आहे."

मिरची गडद आहे हे खरंय, लाल टिकलीच्या मागच्या प्रमाणात तपकिरी अर्ध्यावर आणायला हवी. तशी पट्टीवर नोंद केली. तेलाची कड तिथेच ८०० नंबरच्या पॉलिशपेपरच्या बारीक तुकड्याने थोडी मारली, तेवढी चमक गेली. मिरची सुईने उचकटून काढली, नवी उद्या रात्री भाजून शुक्रवारी सकाळी लिक्विड क्लेऐवजी साध्या गोंदाने बसवेन, म्हणजे पूर्ण वाटी पुन्हा ओव्हनमध्ये घालावी लागणार नाही.

पुढच्या वर्षासाठी तिने बत्तासे आणि काकडीची कोशिंबीर सांगितली आहे. कोशिंबिरीत दही आहे, त्यामुळे पांढऱ्या लिक्विड क्लेवर पाणी सुटल्यासारखा थर कसा द्यायचा ते पावसाळ्यात करून बघायचं.